सगळ्यात शेवटी निघणारा ट्रक

मोठ्या कॉन्सर्टचं सामान पंधरा-वीस ट्रकांतून येतं, आणि त्या ट्रकांचा क्रम ठरलेला असतो. सकाळी रिकाम्या अरीनाच्या जमिनीवर खडूने खुणा करतात. छतावरच्या कोणत्या तुळईला कुठे साखळी बांधायची ते त्या खुणा सांगतात. म्हणून सगळ्यात आधी रिगिंगचा ट्रक आत येतो. त्यात साखळ्या, वायररोप, आणि टनभर वजन उचलणाऱ्या मोटरी असतात. मग दिवे, मग स्पीकर, मग पडदे, आणि दुपारच्या सुमाराला वाद्यं. रात्री सगळं उलटं. वाद्यं पहिल्या तासाभरात बाहेर पडतात. छतावरची शेवटची मोटर खाली येऊन पेटीत जाईपर्यंत मध्यरात्र कधीच उलटलेली असते. म्हणजे उद्या जो ट्रक सगळ्यांच्या आधी पोचायला हवा, तोच आज सगळ्यांच्या शेवटी निघतो.

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला याला स्टॅक म्हणतात असं शिकवलं होतं. उदाहरण होतं ताटांच्या चळतीचं: तळाचं ताट सगळ्यात आधी ठेवलेलं, सगळ्यात शेवटी निघणारं. उदाहरण बरोबर आहे. फक्त तळाच्या ताटाला झोप लागत नाही.

मी सॉफ्टवेअर लिहिते. पुण्यात पदवी घेतली, हिंजवडीत तीन वर्षं काढली आणि मग कंपनीने अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला पाठवलं. नॅशव्हिल हे कंट्री संगीताचं पंढरपूर, त्यामुळे संगीताचं सामान वाहणाऱ्या ट्रकांचा धंदाही तिथे जोरात आहे. आमचं सॉफ्टवेअर ट्रकचालकांचे तास मोजतं. अमेरिकेत डिसेंबर २०१७पासून बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकांना इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र सक्तीचं आहे. ते इंजिनाला जोडलेलं असतं. त्याआधी चालक कागदाच्या वहीत स्वतःच्या हाताने रेघा ओढायचे, आणि त्या रेघा किती खऱ्या असायच्या यावर ट्रकवाल्यांत विनोदांची कमी नाही.

नियम थोडक्यात असे: सलग १० तास विश्रांती घेतल्यावर चालक कामावर रुजू होतो. तिथून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास ट्रक चालवायचा. ८ तास चालवून झाले की किमान अर्धा तास थांबायचं. आठ दिवसांत मिळून ७० तासांच्या वर काम झालं की चाक हलवायचं नाही. सलग ३४ तास सुट्टी घेतली की मोजणी पुन्हा शून्यापासून. चालकाच्या अवस्था चारच: सुट्टीवर, ट्रकमागच्या बर्थवर, चालवताना, आणि कामावर पण न चालवताना. माणसाचं अख्खं आयुष्य या चार रकान्यांत बसवायचं हे आमचं काम. आमच्या स्क्रीनवर तास शिल्लक असले की नाव हिरवं, संपत आले की पिवळं, संपले की लाल.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे असा एक ग्राहक आला जो फक्त कॉन्सर्टच्या टूर वाहतो. त्यांना रोजच्या मालवाहतुकीचा आराखडा चालत नव्हता. किराणा माल दोन तास उशिरा पोचला तर गोदामवाला कुरकुरतो. रिगिंग दोन तास उशिरा पोचलं तर सत्तर-ऐंशी हमाल आणि रिगर रिकामे उभे राहतात, संध्याकाळी पंधरा हजार लोक दाराशी असतात, आणि तारीख पुढे ढकलता येत नाही, कारण उद्या त्याच अरीनात हॉकीचा सामना असतो. तेव्हा काम नीट समजून घ्यायला मला एका टूरबरोबर एक रात्र प्रवास करायला सांगितलं. अमेरिकेत असा ट्रकमध्ये दुसरा माणूस बसवायचा तर कंपनीची लेखी परवानगी लागते. ती आली. रिगिंगच्या ट्रकवर एक बाई होत्या, माझ्या आईच्या वयाच्या. मी मुलगी म्हणूनच मला त्यांच्याकडे दिलं असणार.

संध्याकाळी सातला अरीनाच्या मागच्या अंगणात पोचले तेव्हा ट्रक ओळीने उभे होते. सगळ्यांचे ट्रेलर ५३ फुटी. कुणावरही गायकाचं नाव नाही, चित्र नाही. आत काय आहे ते जगाला कळू नये, चोरी होऊ नये. बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. आतून ढोलांचा आवाज भिंतीतून येत होता, शब्द कळत नव्हते. मी विचारलं, "तुम्ही कधी आत जाऊन बघता का?" त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी बघितला. आता भिंतीतूनच कळतं. शेवटून तिसरं गाणं लागलं की बूट घालते."

साडेदहाला त्या कामावर रुजू झाल्या. यंत्रावर बोट ठेवलं, १४ तासांचं घड्याळ सुरू झालं. पुढचे तीन तास मी लोड-आउट बघितला, आणि मला वाटतं कॉन्सर्टपेक्षा तोच जास्त बघण्यासारखा असतो. दिवे उतरवणारे एका बाजूने, स्पीकर उतरवणारे दुसऱ्या बाजूने. मध्ये चाकांच्या काळ्या पेट्यांची नदी डॉककडे वाहत असते. पेट्यांची रुंदी ट्रेलरच्या मापाने ठरवलेली असते, तीन किंवा चार शेजारीशेजारी बसल्या की फट राहत नाही. ट्रक भरतात स्थानिक हमाल, पण रस्त्यात माल सरकला तर जबाबदारी चालकाची, म्हणून बाई हातात टॉर्च घेऊन ट्रेलरच्या तोंडाशी उभ्या होत्या आणि प्रत्येक आडवा दांडा, प्रत्येक पट्टा स्वतः ओढून बघत होत्या. एका हमालाला त्यांनी पेटी परत काढायला लावली. तो वैतागला. त्या म्हणाल्या, "घाट तुला उतरायचा नाहीये."

घाट म्हणजे मॉन्टईगल. नॅशव्हिलहून अटलांटाला जाताना लागतो. अंतर सुमारे २५० मैल, म्हणजे ४०० किलोमीटर. दोन वाजता निघालो. मॉन्टईगलचा उतार ट्रकवाल्यांत बदनाम आहे. ब्रेक तापून निकामी झाले तर ट्रक घुसवायला बाजूला रेतीचे चढ करून ठेवलेले आहेत. बाई वरच्या टोकालाच खालच्या गिअरमध्ये गेल्या आणि ब्रेकला जवळजवळ न शिवता, धोक्याचे दिवे लावून, सावकाश उतरल्या. चट्टानूगाच्या अलीकडे घड्याळ एक तास पुढे जातं, कारण तिथे टाइम झोन बदलतो. यंत्रातलं घड्याळ मात्र बदलत नाही. ते चालकाच्या मूळ ठाण्याच्या वेळेवरच चालतं. म्हणजे चार तासांच्या प्रवासाला अटलांटातल्या लोकांच्या हिशेबाने पाच तास लागतात, आणि तो पाचवा तास कुणाच्याच नोंदीत नसतो. त्याचं ओझं नंतर झोपेवर पडतं.

चारपर्यंत त्या बोलत होत्या. मुलाच्या घराबद्दल, टायरांच्या किमतींबद्दल, मार्च २०२०मध्ये सगळ्या टूर एका आठवड्यात बंद पडल्या आणि रंगमंचाऐवजी टॉयलेट पेपर वाहावा लागला त्याबद्दल. चारनंतर त्यांनी खिडकी दोन बोटं उघडली आणि म्हणाल्या, "आता सहापर्यंत मी कुणाशी बोलत नाही." मीही गप्प राहिले. पहाटेच्या या दोन तासांत माणसाचं शरीर सगळ्यात जास्त झोप मागतं. ही काही अमेरिकेची मक्तेदारी नाही. जुन्नरच्या आमच्या भागात रात्रीच्या एसटीचे ड्रायव्हरही हेच सांगायचे.

सव्वासहाला, म्हणजे तिथल्या सव्वासातला, आम्ही अटलांटात डॉकला लागलो. अजून अंधार होता. मी लॅपटॉप उघडून आमचा स्क्रीन बघितला. बाईंचं नाव हिरवंगार. काल सकाळी साडेसात ते रात्री साडेदहा, तब्बल १५ तास विश्रांती. त्यानंतर आठ तासांच्या आत काम. कायद्याच्या दृष्टीने त्या सकाळी त्या टवटवीत होत्या.

मी स्क्रीन त्यांना दाखवला. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. काल आठला बर्थवर आडव्या झाल्या. साडेअकराला कुणीतरी दार ठोठावलं: ट्रक दहा फूट मागे घ्या, टी-शर्टवाल्यांच्या ट्रकला जागा हवी. पुन्हा झोपल्या. एकला शेजारच्या ट्रकचा जनरेटर सुरू झाला. मग उन्हाने केबिन तापली आणि झोप संपली ती संपलीच. एकूण पाच तासही नाही, तेही तुकड्यांत. दुपारी एकपासून त्या जाग्या होत्या, म्हणजे डॉकला लागल्या तेव्हा सतरा तास झाले होते. "तुझ्या यंत्राला मी कामावर कधी आले ते कळतं," त्या म्हणाल्या, "उठले कधी ते कळत नाही."

हे मी नंतर खूप दिवस डोक्यात घेऊन फिरले, कारण यात कुणीच नियम मोडलेला नव्हता. रोजच्या मालवाहतुकीत हा फरक कमी टोचतो. बरेच चालक सकाळी उठतात आणि तासाभरात निघतात. कॉन्सर्टचा चालक दिवसा झोपतो, दुपारी जागा होतो, संध्याकाळ खुर्चीत काढतो आणि त्याचा कामाचा दिवस सुरू होतो तेव्हा शरीराचा दिवस संपत आलेला असतो.

कायद्याला हे माहीत नाही असं नाही. १ जुलै २०१३पासून एक नियम लागू झाला होता: ३४ तासांच्या सुट्टीत पहाटे १ ते ५ हा काळ दोनदा आला पाहिजे. म्हणजे सरकारने प्रथमच असं मानलं होतं की रात्रीची झोप आणि दुपारची झोप एक नाही. ट्रकवाल्या कंपन्यांनी जोरदार विरोध केला; सगळे चालक एकाच वेळी सुट्टी संपवून सकाळच्या गर्दीत रस्त्यावर येतील हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. डिसेंबर २०१४मध्ये संसदेने तो नियम स्थगित केला. पुढे अभ्यास झाला, त्यात त्या नियमाचा ठोस फायदा दिसला नाही असा अहवाल २०१७मध्ये आला आणि विषय संपला.

त्याच २०१४ सालच्या ७ जूनच्या पहाटे न्यू जर्सीच्या महामार्गावर एका ट्रकने पुढच्या व्हॅनला धडक दिली. व्हॅनमध्ये विनोदी नट ट्रेसी मॉर्गन कार्यक्रम करून परत येत होता. तो गंभीर जखमी झाला, त्याचा सहकारी जेम्स मॅकनेअर गेला. चौकशीत निघालं की ट्रकचालक सुमारे २८ तास जागा होता. कामावर रुजू होण्याआधी तो जॉर्जियातल्या घरून डेलावेअरपर्यंत रात्रभर स्वतःची गाडी चालवत आला होता. ते तास कामाचे नव्हते, त्यामुळे १४ तासांच्या मोजणीत ते नव्हतेच. आमच्या स्क्रीनवर तोही चालक हिरवाच दिसला असता.

मग ही अंतरं ठरवतं कोण? मला वाटायचं की गायकाच्या लहरीवर असेल. तसं नसतं. अरीना बहुधा बास्केटबॉल किंवा हॉकीच्या संघाचं घर असतं. सामन्यांचं वेळापत्रक आधी, उरलेल्या तारखा संगीताला. एजंट त्या उरलेल्या तारखा जोडून माळ ओवतात. कधी सेंट लुईसनंतर कॅन्सस सिटी, २५० मैल, सोपं. कधी कॅन्सस सिटीनंतर डेन्व्हर, ६०० मैल, एका चालकाला एका रात्रीत अशक्य. मग दोन चालक घ्यायचे: एक चालवतो, दुसरा मागच्या बर्थवर हेलकावे खात झोपतो. नवरा-बायकोच्या अशा बऱ्याच जोड्या या धंद्यात आहेत.

पैसा असेल तर दुसराही उपाय आहे: सामानच दुप्पट न्यायचं. १९७४मध्ये ग्रेटफुल डेड या बँडची 'वॉल ऑफ साउंड' ही स्पीकरांची भिंत सुमारे ७५ टनांची होती आणि उभारायला इतका वेळ घ्यायची की त्यांनी रंगमंचाचे दोन संच बाळगले. एक आजच्या गावी उभा, दुसरा आधीच पुढच्या गावी. २००९ ते २०११च्या 'यू-टू'च्या ३६०° टूरमध्ये पोलादी सांगाड्याचे असे तीन संच फिरत होते. बेडकाने उडी मारावी तसे हे संच एकमेकांना ओलांडत पुढे जातात. पण अशी चैन मोजक्यांनाच परवडते. बाकीच्यांची दरी चालकाच्या झोपेतून भरून निघते.

तारखांचं हे गणित मला नवं नव्हतं. मी नारायणगावच्या परिसरात वाढले. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन यात्रेची सुपारी देतात. यात्रेची तिथी ग्रामदैवताची, ती हलत नाही. आज सुपारी इकडची आणि उद्याची पार दुसऱ्या तालुक्यातली असली तर मधलं अंतर फडाच्या ट्रकने कापायचं. आमच्या यात्रेत खेळ पहाटेपर्यंत चालायचा आणि आम्ही पोरं सकाळी मैदानात जायचो तेव्हा कनाती गुंडाळून ट्रक निघायच्या बेतात असायचे. एखादा मागे राहिला असेल तर त्याच्या खाली, चाकांच्या सावलीत झोळी बांधून चालक झोपलेला. आम्ही दगड मारून पळायचो नाही एवढं मात्र होतं, आजोबा ओरडायचे, "झोपू द्या रे त्याला, रात्री गाडी हाकायचीय." भारतातही १९६१चा मोटार परिवहन कामगार कायदा होता, दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास सांगणारा. फडाच्या ट्रकमध्ये तो कुणी मोजताना मी बघितला नाही. पण झोपलेल्या चालकाला उठवायचं नाही हे माझ्या आजोबांना कायद्याशिवाय कळत होतं, आणि आमच्या यंत्राला कायद्यासकट कळत नव्हतं.

अटलांटाहून परतल्यावर मी जुन्या नोंदी काढल्या. झोप मोजता येत नाही, पण इंजिन सुरू-बंद झाल्याची नोंद असते. विश्रांतीच्या तासांत मध्येच पाच मिनिटं इंजिन सुरू झालं, ट्रक थोडासा हलला, असं टूरच्या ट्रकांत वरचेवर दिसत होतं. हे बहुतेकदा ते 'दहा फूट मागे घ्या'. ताशी ५ मैलांचा वेग गाठला की ट्रक चालू आहे असं यंत्र धरतं. त्याखाली रांगत नेला तर धरत नाही. खरं तर कामासाठी ट्रक हलवला तर ते कामच, आणि प्रामाणिक नोंद केली तर सलग १० तासांची विश्रांती तुटते. विश्रांतीचे दोन तुकडे करून जोडायचीही सोय नियमात आहे, तिने कधी वाट निघते, कधी रात्रीचं गणितच बिघडतं. म्हणून अंगणात बरेच ट्रक रांगतात.

मी एक प्रस्ताव लिहिला. स्क्रीनवर कायद्याच्या तासांशेजारी आणखी एक आकडा दाखवायचा: इंजिन न हललेले सलग तास. चालकाला दंड करायला नव्हे, तर पुढच्या रात्रीची आखणी करणाऱ्याला दिसावं म्हणून. प्रस्ताव सगळ्यांना आवडला आणि कायदेविभागात जाऊन थांबला. त्यांचं म्हणणं साधं होतं. उद्या अपघात झाला तर समोरचा वकील सगळ्या नोंदी मागणार. विश्रांती तुटली होती हे कंपनीला स्क्रीनवर दिसत होतं आणि तरी ट्रक पाठवला, असं सिद्ध झालं तर नुकसानभरपाई कितीतरी पटीने वाढते. दिसतच नव्हतं तर तेवढी नाही. मी म्हटलं, मग पाठवू नका ना ट्रक. त्यावर बैठकीत थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग कुणीतरी पुढचा विषय घेतला.

त्या लोकांना मी दुष्ट म्हणणार नाही. पण माहितीच्या धंद्यात असलेल्या कंपनीला एखादी गोष्ट माहीत नसणं जास्त स्वस्त पडतं, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

२०२३च्या उन्हाळ्यात टेलर स्विफ्टने आपल्या टूरच्या ट्रकचालकांना, सुमारे ५० जणांना, प्रत्येकी १ लाख डॉलरचा बोनस दिला. जगभर बातमी झाली. एरवी टूरच्या शेवटी मिळणारा बोनस ५ ते १० हजारांच्या घरात असतो असं तेव्हा त्या वाहतूक कंपनीच्या मालकाने सांगितलं होतं. मी बाईंना फोनवर विचारलं, तुम्हाला काय वाटलं? त्या म्हणाल्या, छानच, घराचं कर्ज फिटलं असेल पोरांचं. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला विचारशील तर मी दोन शोंच्या मध्ये एक मोकळा दिवस मागेन. पैसे देणारा एखादा भेटतो. दिवस कुणी देत नाही." मोकळा दिवस म्हणजे सगळ्या कलाकारांची, कामगारांची हॉटेलं, जेवण, रोजंदारी, आणि तिकीटविक्री शून्य. तो बोनसपेक्षा महाग असतो.

माझा प्रस्ताव अजून यादीत आहे, वरून एकशे चाळीसाव्या क्रमांकावर. दरम्यान त्या टूरच्या मुख्य चालकाने परस्पर एक गोष्ट केली. तो रोज सकाळी सगळ्यांना एक पानाचा कागद पाठवतो: आजचं डॉक कुठे, जेवण कुठे, अंघोळ कुठे, किती वाजता कुठला ट्रक. त्या कागदावर आता एक ओळ वाढली आहे. रिगिंगचा ट्रक रिकामा झाला की अंगणाबाहेर, जनरेटरपासून लांब उभा करायचा आणि संध्याकाळी पाचपर्यंत कुणी त्याचं दार ठोठवायचं नाही. ओळ ठळक अक्षरांत आहे. बाईंनी मला त्या कागदाचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं: काल सात तास.